प्राणहितेत शार्क येईल का? वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात समुद्रातल्या मोठ्या शिकारी प्राण्यांबद्दल थोडं लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी इतकं बारकाईनं विचारावं याचं काहींना नवल वाटेल, मला नाही वाटलं. ज्यांच्या धुऱ्यावरून रात्री वाघ जातो, त्यांना शिकारी जनावर कसं जगतं हे जाणून घ्यावंसं वाटणारच. मी सिंदेवाहीच्या बाजूची. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरी गेली, आणि वर्गातला कुठलाही धडा शेवटी वाघावर येऊन थांबायचा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना दोन ओळींत उत्तर दिलं आहे, त्यांनी राग मानू नये.

सिरोंच्याहून डोंगा चालवणारे एक वाचक लिहितात: पालघरकडे नदीत शार्कनं माणसाचा पाय तोडला अशी बातमी मोबाइलवर पाहिली. नदीत शार्क येत असेल तर आमच्या प्राणहितेत येऊ शकतो का? आमची पोरं दिवसभर पाण्यात असतात.

भाऊ, बातमी खरी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीत एका तरुणाच्या पायाचा लचका शार्कनं तोडला. तो बुल शार्क होता. तिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं आणि त्याच्याबरोबर असे मासे आत येतात.

समुद्रातले बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून शार्क आपल्या रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवतो. युरिया म्हणजे तोच, जो तुम्ही धानाला टाकता. समुद्रात हा साठा त्याला वाचवतो, पण गोड्या पाण्यात तोच अंगावर येतो, कारण आता बाहेरचं पाणी शरीरात शिरायला लागतं. बुल शार्कला यावर उपाय सापडला आहे. तो रक्तातला युरिया आणि मीठ कमी करतो, जास्तीचं पाणी पातळ लघवीवाटे सारखं बाहेर टाकतो, आणि मीठ बाहेर काढणारी शेपटीकडची ग्रंथी जवळजवळ बंद ठेवतो. त्याच्या माद्या नदीच्या मुखाशी पिल्लं देतात आणि पिल्लं पहिली काही वर्षं नदीतच काढतात, कारण त्यांना खाणारे मोठे शार्क तिथे कमी असतात.

नुसत्या अंतराचं म्हणाल तर प्राणहिता त्याला लांब नाही. अमेझॉन नदीत बुल शार्क पेरू देशातल्या इकितोसपर्यंत गेलेला आहे, म्हणजे समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरहून आत. अमेरिकेत १९३७ साली मिसिसिपी नदीतून तो इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावापर्यंत पोहोचला होता.

तरी तुमच्या पोरांना भीती नाही, आणि त्याचं कारण बंधारा आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती तुमच्यासमोर कालेश्वरमला गोदावरीत मिसळते आणि पुढे सगळं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. या वाटेवर राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा आहे. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं तो १८५२ मध्ये पुरा केला, पुढे त्याच्या जागी नवा बांधला गेला. पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून वर येणारा हिलसा मासा, आंध्रात ज्याला पुलसा म्हणतात, तोसुद्धा तिथेच अडतो. त्याच्या वर तुमच्या शेजारी मेडीगड्डाचा बंधारा २०१९ पासून आहे. एवढं ओलांडून शार्क सिरोंच्याला येणार नाही. पोरांना सांभाळायचं ते पुराच्या ओढीपासून आणि वाळू उपशाच्या खड्ड्यांपासून. मी हे पोटतिडकीनं लिहिते आहे. त्या खड्ड्यांत दरसाल मुलं जातात.

पांढरकवड्याकडचे एक शेतकरी विचारतात: बाई, आमच्या इकडं वाघानं माणूस मारला त पेपरात येते. शार्क त म्हणे माणूस दिसला का तुटूनच पडते. खरं हाये काय? अन् सालाचे किती लोक मारते?

खरं नाही. अमेरिकेतलं फ्लोरिडा म्युझियम जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतं. माणसानं छेड न काढता झालेले हल्ले साऱ्या जगात मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर असतात आणि त्यात सरासरी पाच-सहा माणसं जातात. आपल्या एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात एका वर्षात याहून कितीतरी जास्त माणसं गेली आहेत. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही घरांत मी जाऊन आले आहे. म्हणून वाघापेक्षा शार्क गरीब, असा याचा अर्थ घेऊ नका. शार्कच्या घरात आपण राहत नाही, वाघाच्या जंगलात मात्र आपल्याला सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला जावंच लागतं, फरक तेवढ्यानंच पडतो.

दोघांची एक सवय मात्र जुळते. मोहफुलं वेचायला वाकलेल्या बाईवर वाघ येतो, कारण वाकलेलं माणूस त्याला चौपायी सावज वाटतं असं वनखात्याची माणसं सांगतात. मोठा पांढरा शार्क, म्हणजे ग्रेट व्हाइट, सील नावाच्या प्राण्याची शिकार खालून वर झेप घेऊन करतो. लाटांवर खेळताना फळीवर पालथा पडलेला माणूस त्याला खालून सीलसारखा दिसतो. बऱ्याचदा तो एक चावा घेतो आणि सोडून जातो. पण सहा मीटरपर्यंत वाढणाऱ्या जनावराचा एक चावाही माणसाला पुरतो.

आता उलटा हिशोब पाहा. माणूस वर्षाला किती शार्क मारतो? शास्त्रज्ञांचे अंदाज सात-आठ कोटींपासून दहा कोटींपर्यंत जातात. खोल समुद्रातल्या शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या चपट्या रे माशांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बाकीचे मासे लाखांनी अंडी घालतात, त्यामुळे मासेमारीची खोट काही प्रमाणात भरून निघते. शार्कचं तसं होत नाही. वाघीण तीन-चार वर्षांची झाली की पिल्लं देते, साडेतीन महिने पोटात वाढवते. ग्रेट व्हाइटची मादी वयात यायलाच तेहेतीसएक वर्षं घेते, मग वर्षभर पिल्लं पोटात वाढवते, आणि होतात थोडीच. आज जाळ्यात मेलेल्या मादीची जागा घ्यायला दुसरी तयार होईपर्यंत आपल्या घरातली एक पिढी संपून दुसरी संसाराला लागलेली असते. ग्रीनलँड शार्क तर याच्याही पुढे. २०१६ मध्ये त्याच्या डोळ्यातल्या भिंगावरून वय मोजलं, तेव्हा सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. ती वयात येते दीडशेच्या आसपास. असा प्राणी टनावारी मारून कसा चालेल, हे कोणीतरी मला सांगावं.

आपल्या देशानं २०१५ मध्ये शार्कच्या पंखांची निर्यात बंद केली, आणि त्याआधी २००१ मध्ये व्हेल शार्क या जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलं. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची सर्रास शिकार व्हायची. दोन्ही निर्णय चांगले झाले.

साकोली तालुक्यातल्या बचत गटातल्या बाया लिहितात: किलर व्हेलच्या कळपाची मुख्य म्हातारी मादी असते असं तुम्ही लिहिलं. तिला पिल्लं होणं बंद झालेलं असतं म्हणता. मग कळपाला तिचा काय उपयोग?

तायांनो, या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न तुमचा.

किलर व्हेल ही डॉल्फिनच्या कुळातली, त्या कुळात सगळ्यात मोठी. नर नऊ मीटरपर्यंत जातो. मादीला चाळिशीच्या आसपास पिल्लं होणं थांबतं आणि त्यानंतरही ती वीस-तीस, कधी जास्तही वर्षं जगते. प्राण्यांत हे फार दुर्मीळ आहे. माणूस सोडला तर व्हेल-डॉल्फिनच्या मोजक्या जातींतच हे ठळकपणे दिसतं. बाकी बहुतेक माद्या मरेपर्यंत वितात.

कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेक किलर व्हेल ओळखून तिची वंशावळ ठेवलेली आहे. मायकेल बिग या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात त्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. पाठीवरच्या पंखाचा आकार, त्याच्या मागचा करडा डाग, जुन्या जखमांच्या खुणा, यावरून प्रत्येक जनावर वेगळं ओळखता येतं. ताडोब्यात वाघाच्या पट्ट्यांवरून ओळखतात तीच ही रीत. पन्नास वर्षं हे काम चालू राहिलं म्हणून कोणाची आई कोण, आजी कोण, कोण कधी मेलं, सगळं लिहिलेलं आहे.

त्या नोंदींतून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघालं. तिथल्या किलर व्हेल सामन मासा खातात. ज्या वर्षी सामन कमी येतो त्या वर्षी कळपाच्या पुढे म्हाताऱ्या माद्या असतात, कारण मागच्या दुष्काळात मासा कुठे सापडला होता हे त्यांना ठाऊक असतं. पिल्लं होणं थांबलेली आजी मेली, की पुढच्या दोन वर्षांत तिची नातवंडं दगावण्याचा धोका साडेचार पट होतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. त्याआधी २०१२ मध्ये मुलांबद्दलही असंच दिसलं होतं. तिशी ओलांडलेल्या, अंगानं आईपेक्षा कितीतरी मोठ्या झालेल्या नराचा, आई मेल्यावर वर्षभरात मरण्याचा धोका चौदा पटींच्या आसपास वाढतो. मुलगा आयुष्यभर आईच्या सोबतीनं पोहतो, दुसऱ्या कळपातल्या मादीशी जुळला तरी परत आईकडेच येतो. आई मासा पकडून त्याचा तुकडा त्याला देते. पिल्लं न देणाऱ्या म्हातारीचा उपयोग विचारलात ना? कळप जगतो तोच मुळी तिच्या आठवणीवर.

२०१८ मध्ये याच कळपांतल्या एका मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलं. अभ्यासक तिला जे-३५ म्हणतात. ती ते मेलेलं पिल्लू डोक्यानं वर उचलून धरत सतरा दिवस पोहत राहिली. त्या भागातला सामन खूप घटला आहे, आणि नद्यांवरची धरणं हे त्याचं एक मोठं कारण. सामन नदीत वर चढून अंडी घालतो, धरण आलं की वाट बंद. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली आणि सामन परत वर जाऊ लागला. सिरोंच्याच्या भाऊंना वर जे लिहिलं त्याची ही दुसरी बाजू. बंधारा शार्क अडवतो तसा अन्नही अडवतो.

त्याच समुद्रात दुसऱ्या किलर व्हेल आहेत, ज्या मासा खात नाहीत, सील आणि छोटे व्हेल खातात. दोघींत सोयरीक होत नाही. मासा खाणाऱ्या शिकार करताना एकमेकींशी सारख्या बोलतात, तर सील खाणाऱ्या अगदी गप्प असतात, कारण सीलला त्यांचा आवाज ऐकू जातो. पिल्लं हे आईजवळ राहून शिकतात. मोकळ्या समुद्रात किलर व्हेलनं माणूस मारल्याची नोंद नाही. हौदात कोंडून खेळ करायला लावलेल्यांनी मात्र माणसं मारली आहेत. त्यांना आयांपासून तोडून हौदात टाकणं हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

वाशीम जिल्ह्यातले शेळ्या राखणारे एक काका विचारतात: नातवाच्या पुस्तकात देवमासा हा गाय-शेळीच्या नात्यातला असं लिहिलं आहे. मास्तरांनी चुकीचं तर नाही छापलं?

काका, बरोबर छापलं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या हातातून कित्येकदा गेला असेल. शेळीच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक लहान हाड असतं. पायाचा रस्सा केला की ते सुटं होऊन ताटात येतं. ते धुऊन पाहा. वरच्या टोकाला मधोमध खाच आणि दोन्हीकडे गोल उंचवटे, खालच्या टोकालाही तसंच. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असलेलं हे हाड गाय, म्हैस, शेळी, हरीण, डुक्कर अशा दोन खुरांच्या जनावरांतच सापडतं. वाघाच्या किंवा कुत्र्याच्या घोट्यात खालचं टोक वेगळं असतं. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या खडकांत पाय असलेल्या जुन्या व्हेलचे, म्हणजे देवमाशांचे, सांगाडे सापडले, आणि त्यांच्या घोट्यात हेच दोन्हीकडे खोबणीचं हाड निघालं.

ही सारी गोष्ट आपल्याच उपखंडात घडली आहे. जम्मू-काश्मीरमध्ये राजौरीजवळच्या कालाकोटला ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते हान्स थेविसन या अभ्यासकाकडे सोपवले. दगड फोडताना एका कवटीतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची एक बाजू जाड होती, जशी फक्त व्हेलच्या कानात असते. प्राणी मात्र मांजराएवढा, बारीक पायांचा, खुरं असलेला. साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा व्हेलचा नातलग, इंडोहायस, २००७ मध्ये जगासमोर आला. कच्छमध्ये अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच प्राचीन व्हेल शोधले होते. पुढे रुडकीचे सुनील बाजपेयी यांनी तिथे आणि हिमाचलात मोठं काम केलं. नातवाला ही नावं जरूर सांगा.

आज जिवंत असलेल्यांत व्हेलचा सगळ्यात जवळचा सोयरा पाणघोडा. व्हेल रवंथ करत नाही, पण त्याचं पोट अजूनही गाईसारखं अनेक कप्प्यांचं आहे. मासा शेपटी डावी-उजवी हलवतो, व्हेल वर-खाली. तुमची शेळी चौखूर पळते तेव्हा तिचा कणा वर-खाली वाकतो, तीच चाल पाण्यात गेली.

वर्ध्याचा एक तरुण: व्हेलची उलटी विकून कोट्यवधी मिळतात, नग दाखवतो, थोडे पैसे भरा असा फोन आला आहे. काय करू?

एक रुपयाही देऊ नकोस, आणि नग पाहायलाही जाऊ नकोस. ही उलटी ज्याची म्हणतात त्या स्पर्म व्हेलला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, आणि आपल्या देशात हा पदार्थ बाळगणं, विकणं, विकत घेणं, तिन्ही गुन्हे आहेत. फोन करणारा खोटा असेल तर पैसे जातील, खरा असेल तर तू जेलमध्ये जाशील. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळव.

ती उलटी असते असंही नाही. स्पर्म व्हेल माखल्यांच्या, म्हणजे अनेक हातांच्या मऊ समुद्री जिवांच्या, कुळातले मोठे जीव खातो. त्यांची कडक चोच पचत नाही. काही थोड्या व्हेलच्या आतड्यात या चोचींभोवती मेणचट गोळा साठत जातो आणि शेवटी बाहेर पडतो. अत्तराचा वास टिकवायला तो वापरायचे. मला त्या गोळ्यापेक्षा तो बनवणारं जनावर मोठं वाटतं. दात असलेला हा जगातला सर्वांत मोठा शिकारी, मेंदू आठ किलोच्या घरात. श्वास रोखून तो हजार मीटरहून खाली जातो, पाऊण तास-तासभर राहतो. तिथे काळोख असतो, म्हणून तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून भक्ष्य कुठे आहे ते ओळखतो. शरीराचा तिसरा हिस्सा नुसतं नाक आहे, आणि ते याच कामाचं.

शाळांतल्या मुलांचे प्रश्न, थोडक्यात:

शार्कला मैलभरावरून रक्ताचा थेंब कळतो का? नाही. काहीशे मीटरपर्यंत, तेही प्रवाह त्याच्याकडे येत असेल तर. जवळ आल्यावर मात्र तो भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज नाकाजवळच्या छिद्रांनी ओळखतो.

मेगालोडॉन, म्हणजे जुन्या काळचा राक्षसी शार्क, अजून आहे का? नाही. साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी संपला. मोबाइलवरचे व्हिडिओ खोटे आहेत.

शार्क आणि किलर व्हेल भांडले तर? दक्षिण आफ्रिकेत २०१७ पासून पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाचे दोन नर किलर व्हेल ग्रेट व्हाइटना मारून फक्त यकृत खातात. शार्कचं यकृत तेलानं भरलेलं असतं, त्यावरच तो तरंगतो. ते आले की ग्रेट व्हाइट तो किनारा सोडून जातात.

शार्कची कातडी कशी असते? रत्नागिरीला मुलीकडे गेले की मी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाते. तिथे मुशी, म्हणजे लहान शार्क, हातात घेऊन पाहिली आहे. तोंडाकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटं खरचटतात. कातडीवर अगदी बारीक दातच असतात, त्यांची टोकं मागे वळलेली.

तुमसरहून एक सासूबाई: मुंबईचा भाचा मुशी घेऊन येणार आहे. बाळंतपणानंतर दूध येण्यासाठी ती चांगली म्हणतात. सुनेला आता सातवा महिना आहे. देऊ का?

आत्ता देऊ नका, आणि बाळ अंगावर पीत असेतोवरही नको. समुद्रात पारा असतो. तो आधी बारीक जिवांत जातो, त्यांना खाणाऱ्या माशात साठतो, आणि मोठ्याला खाणाऱ्या आणखी मोठ्यात त्याहून जास्त. शार्क त्या साखळीच्या टोकाला, शिवाय पुष्कळ वर्षं जगणारा, त्यामुळे त्याच्या मांसात पारा जास्त. पोटातल्या आणि अंगावरच्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो. शिजवून पारा जात नाही. सुनेला तुमच्याच तलावातली रोहू, कतला द्या. ही मासळी पाण्यातल्या वनस्पतींवर आणि सूक्ष्म जिवांवर वाढते, तिच्यात पारा कमी असतो. घेताना कल्ले लाल आहेत ना तेवढं उघडून बघा, आणि नीट शिजवून द्या.